गुणगुण शमविणारें वेटोळें

सातारा जिल्ह्यांतील कोयनेच्या पाण्यावर १९६२ पासून वीज निर्माण होऊं लागली, आणि १९६३ मध्यें सांगलीस आकाशवाणीचें केंद्र सुरू झालें. विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनें करणारा. त्या काळच्या प्रक्षेपकांतील निर्वात नलिकांस मात्र हजारों व्होल्टांचा एकदिश, स्थिर दाब लागे. एकफेजी विजेचें एकदिशीकरण केलें, तरी तींत सेकंदास शंभर लाटा उरतात आणि ध्वनींत गुणगुण होऊन शिरतात.

त्या शमविण्यासाठीं लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेला ‘चोक’ योजीत. भाराच्या ओमांस हजारानें भागून येतील, निदान तितके हेन्री हवेत, हा सामान्य आडाखा. चोक त्याहून लहान असल्यास भार घटतांच दाब उसळे. तो कंडेन्सरच्या आधीं ठेवल्यास पाऱ्याच्या वाफेच्या नलिकांवर प्रवाहाचा एकदम आघात होत नसे.

धन तारेंत बसविल्यास तार व गाभा यांमधील निरोधनावर सर्व दाब येई. म्हणून पुष्कळदां तो ऋण बाजूस घालीत. परंतु तेथें ट्रान्सफॉर्मरच्या भूधारित्रांतून थोडी गुणगुण निसटे. निरोधन फुटलें तर केंद्र मुकें होई. गुणगुण राहिली तर शब्द मलिन होई. या दोहोंतून वाट काढणाऱ्या तंत्रज्ञांचीं नांवें श्रोत्यांस कळलीं नाहींत. त्यांस शब्द तेवढे स्वच्छ ऐकूं आले.