कर्नल अद्ययावतीकरण, लिनक्स

लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची (पहा : कर्नल) नवी आवृत्ती बसवून संगणक तिच्यावर सुरू करण्याची प्रक्रिया. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हे कर्नल प्रसिद्ध केले, १.० आवृत्ती १९९४ मध्ये आली. पूर्वी मूळ संकेत आणून वापरकर्ते स्वतः संकलन करीत. आता डेबियन, उबुंटू यांसारख्या वितरणांत तयार पॅकेज मिळते व बहुतेकांसाठी तोच मार्ग योग्य.

पॅकेज बसवताना कर्नलची प्रतिमा ‘बूट’ निर्देशिकेत जाते, त्या आवृत्तीची मोड्यूल्स वेगळ्या निर्देशिकेत राहतात, आरंभिक रॅम-प्रतिमा तयार होते आणि ग्रबच्या यादीत नोंद पडते (पहा : बूट लोडर). चालू कर्नल मात्र संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत जुनेच असते. जुनी आवृत्ती सहसा शेजारी राहते. नवी बिघडल्यास यादीतून तीच निवडता येते. म्हणून ती घाईने काढू नये. बाहेरून घेतलेले ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा संकलित करावे लागतात (पहा : डीकेएमएस), सिक्युअर बूट चालू असल्यास त्यांवर स्वाक्षरीही लागते.

नव्या हार्डवेअरला आधार आणि सुरक्षा-दुरुस्त्या ही अद्ययावतीकरणाची मुख्य कारणे. चालू आवृत्ती ‘युनेम -आर’ या आज्ञेने कळते.