अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीचे मोजमाप : एका मानकाचा इतिहास

कारखान्यातील हवा सुरक्षित आहे किंवा नाही हे ठरविताना आपण कायद्यातील आकडा पाहतो. तो आकडा कोणत्या उपकरणाने आणि नेमके काय मोजून काढला, हे क्वचितच विचारले जाते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या इतिहासात हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत काढणारी नेली कर्शॉ १९२४ मध्ये मरण पावली. तिच्या फुप्फुसांचे परीक्षण करणारे डॉ. विल्यम कुक यांनी १९२७ मध्ये या विकाराला ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले. पुढे मेरीवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगार तपासले, तेव्हा ९५ जणांची फुप्फुसे आतून घट्ट झालेली आढळली. त्यांच्या १९३० च्या अहवालावरून १९३१ मध्ये नियम झाले. त्यांत धूळ शोषून घेण्याची सक्ती होती. मात्र किती धूळ चालेल याचा आकडा नव्हता.

तो आकडा अमेरिकेतून आला. नॉर्थ कॅरोलिनातील कापड गिरण्यांच्या अभ्यासानंतर १९३८ मध्ये एका घनफूट हवेत ५० लाख कण ही मर्यादा सुचविली गेली. हवा ‘इम्पिंजर’ नावाच्या उपकरणातील द्रवात सोडून त्यातले कण मोजले जात. पण सगळेच कण! त्यांतील अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू किती, हे या पद्धतीत कळत नव्हते.

१९६० च्या दशकात मेम्ब्रेन फिल्टर आला. हवा फिल्टरमधून ओढायची, फिल्टर पारदर्शक करायचा आणि फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजायचे. ज्याची लांबी ५ मायक्रोमीटरपेक्षा जास्त, जाडी ३ पेक्षा कमी आणि लांबी जाडीच्या निदान तिप्पट, तोच तंतू धरायचा. ही प्रगती मोठीच होती. तथापि ५ मायक्रोमीटरची रेषा फुप्फुसाने आखलेली नाही. ती मोजणाऱ्याच्या सोयीने आखली गेली.

याच मोजणीवर ब्रिटिश ऑक्युपेशनल हायजीन सोसायटीने १९६८ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉससाठी एका मिलिलिटरमागे २ तंतू हे मानक दिले. हिशेब साधा होता : २ तंतू गुणिले नोकरीची ५० वर्षे, म्हणजे १०० ‘तंतू-वर्षे’, एवढ्या संपर्काने फार तर शंभरातील एकाला रोगाची प्रारंभिक लक्षणे दिसतील. आधार होता रॉचडेलच्याच एका कारखान्यातील २९० कामगारांचा. त्यांत नोकरी सोडून गेलेले नव्हते, अर्थात आजारपणामुळे गेलेलेही नव्हते. १९५१ पूर्वीची धूळ अंदाजाने धरलेली होती. शिवाय वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ मेसोथेलिओमा रुग्णांची नोंद १९६० मध्येच प्रसिद्ध केली असताना, या हिशेबात कर्करोग धरलेलाच नव्हता. ज्युलियन पीटो यांनी १९७८ मध्ये या मानकावर आक्षेप घेतला. आकड्याचा नेमकेपणा पाहून त्यामागील गृहीतके कोणी तपासत नाही, याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

दरम्यान स्टँटन यांनी १९८१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की ८ मायक्रोमीटरपेक्षा लांब आणि ०.२५ पेक्षा बारीक तंतूंचा अर्बुदांशी सर्वाधिक संबंध आहे. म्हणजे साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला जे दिसेनासे होतात, नेमके तेच! ते पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो महाग पडतो. अमेरिकेची मर्यादा १९७२ मध्ये ५ तंतू होती, ती १९९४ मध्ये ०.१ झाली, तरी नेहमीची मोजणी जुन्याच सूक्ष्मदर्शकाने होत राहिली. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशात मर्यादा ०.०१ वर आणली आणि डिसेंबर २०२९ पासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची पद्धत अनिवार्य ठरविली.

भारतात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रे अजूनही घराघरांवर आहेत. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. सर्व कारखान्यांनी मेम्ब्रेन फिल्टर चाचणी स्वीकारावी, असा आदेश त्यात आहे. त्याहून दूरदृष्टीचा आदेश नोंदींविषयीचा वाटतो. हा रोग संपर्कानंतर वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा प्रकट होतो. म्हणून प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवावी, असे न्यायालयाने सांगितले. रॉचडेलच्या १९५१ पूर्वीच्या कामगारांच्या बाबतीत संशोधकांना जे अंदाजाने भरावे लागले, ते येथे कागदावर असावे, अशी ही तरतूद आहे.