घराची बाहेरची बाजू

गेल्या वैशाखात बेळगावच्या आमच्या जुन्या घराची बाहेरून सफाई करायला मशीनवाली मुलं बोलावली. "काकू, दोन तासांत भिंत, कौलं, फरशी, सगळं नवं करतो," म्हणाली. सुरुवात कंपाउंडच्या जांभ्याच्या भिंतीपासून झाली. पाण्याचा फवारा सुटला आणि गटारातून तांबडं पाणी वाहायला लागलं. मला आधी बरंच वाटलं, केवढी ही घाण! मग भिंतीला हात लावून पाहिला, तर बोटाला ओला तांबडा चुरा लागला. वाहत होती ती भिंतच. मी ओरडूनच मशीन बंद करायला लावलं.

या दगडाची गंमत पुष्कळ जुनी आहे. फ्रान्सिस बुकनन या इंग्रजी अमदानीतल्या वैद्याने मलबारात तो पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटेराइट' असं नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीत असताना हा मऊ, हत्याराने कापता येतो. वारा-ऊन लागलं की वरून कडक होतो. ती वरची कातडी सोलली की आतला मऊ दगड पावसाच्या तोंडी.

सासूबाईंनी बुकननचं नावही ऐकलं नव्हतं. दिवाळीला सगळेच घर रंगवतात, पण त्या वैशाखातच भिंतीला चुन्याचा हात द्यायच्या. चुन्याच्या दाहकपणामुळे शेवाळ धरत नाही. आणि शेवाळ म्हणजे आपल्याकडे अनंतकाय, एका कणात अनंत जीव. वाढू देऊन मग खरवडायचं, त्यापेक्षा चातुर्मासाआधी उगवूच द्यायचं नाही. चुना भिजवायलासुद्धा गाळलेलंच पाणी, आणि हंड्यात आधी मुंगी आहे का ते बघायचं. पुढे तांबडा दगड उघडा ठेवायची फॅशन आली. चुना खरवडून काढायचा हट्ट माझाच होता, हे इथे कबूल करते.

कौलांनाही मी मशीन लावू दिलं नाही. ही मंगळुरी कौलं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, तिथून ही पद्धत आपल्याकडे पसरली. एकावर एक बसणारी, वरून आलेलं पाणी खाली उतरवणारी. खालून जोरात फवारा मारला तर पाणी उलटं सांध्यातून माळ्यावर जातं. ती पोरांनी शिडीवरून मऊ झाडूने झाडली.

राहिली शहाबादी फरशी. तिला ॲसिड टाकू का, असं एकाने विचारलं. बायांनो, हे मात्र लक्षात ठेवा. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड. ॲसिडने फेस येतो तेव्हा आपल्याला वाटतं घाण निघाली, पण झिजत असतो तो दगड. साधा साबण आणि काथ्याचा ब्रश पुरला.

संध्याकाळी मी किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेले. १२०४ साली रट्टांच्या बिचिराजाने बांधलेली. छतातल्या त्या कमळाच्या पाकळ्यांकडे मान दुखेपर्यंत पाहत बसले. आमची भिंत तिच्यापुढे कालची, आणि मी ती एका सकाळीत झिजवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी चुन्याचं काम येणारा मिस्त्री शोधायला लागले. तीन जणांनी डिस्टेंपरच सुचवला. चौथे म्हातारे हसले आणि म्हणाले, "चुना आठ दिवस भिजायला पाहिजे, अक्का, घाई आहे का?" माळ्यावरून सासूबाईंचा हंडा काढला. पाणी गाळायचं फडकं मात्र नवं घ्यावं लागलं.