अस्सल झाड, नकली झाड

आमच्या मागच्या गल्लीत एक काकू राहतात. नगरच्या जुन्या मराठी ख्रिस्ती घराण्यातल्या. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा सरस आहे, हे मराठी शिकवणारी बाई असूनही मी कबूल करते. रमजान ईदला माझ्याकडून शीरखुर्म्याचा डबा त्यांच्याकडे जातो आणि नाताळात तोच डबा करंज्या, शेव आणि केकचे तुकडे घेऊन परत येतो. रिकामा डबा परत करायची पद्धत दोन्ही घरांत नाही.

गेल्या डिसेंबरात, नाताळला दहा-बारा दिवस असताना, काकू नातीला घेऊन माझ्याकडे आल्या. दोघींचं बिनसलं होतं. कारण होतं पोटमाळ्यावरचं नाताळाचं झाड. काकूंच्या यजमानांनी ते बावीस वर्षांपूर्वी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून आणलेलं. प्लास्टिकचं, माणसाच्या खांद्याइतकं उंच. आता यजमान नाहीत, झाडाच्या दोन फांद्या वाकल्यात, पण काकू दरवर्षी ते पुसून उभं करतात. नात नववीत. शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प झाल्यापासून तिचं एकच म्हणणं होतं, की हे प्लास्टिक टाकून द्यायचं आणि खरं झाड आणायचं.

काकू म्हणाल्या, "बाई, तुम्ही इतिहासाची पुस्तकं वाचता. तुम्हीच सांगा हिला."

मी म्हटलं, "चार दिवस द्या." त्या चार दिवसांत जे वाचलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात अगदी मुळापासून करू. बायबलमधल्या येशूजन्माच्या कथेत गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे. फरचं झाड नाही. आपल्याकडे कुरआनात सूरह मरियममध्ये हजरत ईसांच्या जन्माच्या वेळी झाड आहे, पण ते खजुराचं. प्रसववेदनांनी व्याकूळ झालेल्या बीबी मरियम त्याच्या बुंध्याशी आल्या आणि त्यांना ताजा खजूर मिळाला. म्हणजे बर्फाळ मुलुखातलं सूचिपर्णी झाड या कथेत नंतर आलं. ते आलं जर्मन भाषकांच्या मुलुखातून.

मध्ययुगात तिकडे 24 डिसेंबर हा आदम आणि हव्वा यांचा दिवस मानत. त्यांची कथा नाटकरूपात सादर होई, तेव्हा स्वर्गातलं झाड म्हणून हिरव्या झाडाला सफरचंदं बांधत. नाताळाच्या झाडाची एक मुळी इथे असावी, असं अभ्यासक मानतात. ऱ्हाइन नदीकाठच्या स्ट्रासबर्ग शहरातलं 1605 सालचं एक वर्णन प्रसिद्ध आहे: लोक घराच्या बैठकीत फरची झाडं उभी करतात आणि त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटं, सोनेरी पत्रा आणि साखरेच्या वस्तू टांगतात.

मला मात्र त्याच्याही आधीची एक नोंद महत्त्वाची वाटली. स्ट्रासबर्गजवळच्या सेलेस्टा गावाच्या 1521 सालच्या हिशेबवहीत वनरक्षकांना चार शिलिंग दिल्याची नोंद आहे. काम काय, तर 21 डिसेंबरपासून जंगलातल्या झाडांवर पहारा ठेवणं. या प्रथेच्या अगदी जुन्या कागदांपैकी एक कागद झाड सजवण्याचा नाही, झाड तोडू न देण्याचा आहे! "सणासाठी झाड तोडावं का?" हा प्रश्न काकूंच्या नातीने काढलेला नाही. तो पाचशे वर्षांचा आहे.

पुढे ही प्रथा राजघराण्यांतून पसरली. इंग्लंडची राणी शार्लट मूळची जर्मन. तिने 1800 साली विंडसरला मुलांसाठी झाड सजवलं. पण घराघरांत झाड पोचलं ते राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन नवरा अल्बर्ट यांच्यामुळे. 1848 मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात त्यांच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापून आलं. दोन वर्षांनी तेच चित्र अमेरिकेतल्या मासिकाने छापलं, पण राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा पुसून. राजघराणं साधं अमेरिकन कुटुंब झालं आणि झाडाची मागणी वाढत गेली.

मागणी वाढली की तोड वाढते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतच पहिली नकली झाडं तयार झाली. तिथल्या जंगलांवर पडलेला ताण हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. ही झाडं प्लास्टिकची नव्हती, पिसांची होती. गूज या पाळीव हंसाची पिसं हिरवी रंगवायची, तारेभोवती गुंडाळायची, अशा तारांच्या फांद्या लाकडी दांड्यात खोवायच्या. झाड तयार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या कॅटलॉगांतही ती आली. म्हणजे नकली झाड जन्मलं तेव्हा ते निसर्गाचं शत्रू नव्हतं. ते जंगल वाचवायच्या बाजूने उभं होतं.

मग धातूची पाळी आली. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉक गावातल्या एका ॲल्युमिनियमच्या कारखान्याने 1959 पासून चकचकीत रुपेरी झाडं बाजारात आणली. पुढच्या दहा वर्षांत दहा लाखांहून अधिक झाडं निघाली. धातूवर विजेची माळ सोडली तर शॉक लागायचा धोका, म्हणून खाली रंगीत फिरतं चाक ठेवून झाडावर प्रकाश पाडायचे. डिसेंबर 1965 मध्ये चार्ली ब्राउनची नाताळाची कार्टून फिल्म टीव्हीवर आली. त्यात हा मुलगा झगमगती धातूची झाडं सोडून एक मरतुकडं खरं रोप घरी आणतो. लोकांना ते रोप आवडलं. रुपेरी झाडांची फॅशन पुढच्या काही वर्षांत ओसरली, त्याचं श्रेय पुष्कळजण या फिल्मला देतात.

त्यानंतर आलं पीव्हीसी. नळाचे पाइप ज्याचे असतात, तेच. आज जगातली बहुतेक नकली झाडं चीनमध्ये बनतात. काकूंचं झाडही त्यातलंच असावं.

दुसरीकडे खरं झाडही आता जंगलातलं उरलेलं नाही. युरोप-अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक झाडं शेतात लावलेली असतात. सहा-सात फूट वाढायला सात ते दहा वर्षं लागतात. शेतकरी एक कापतो, दुसरं लावतो. युरोपात सर्वाधिक पसंतीचा नॉर्डमन फर घ्या. त्याचं बियाणं मोठ्या प्रमाणावर जॉर्जिया देशातल्या राचा भागातून येतं. तिथे माणसं तीस-तीस मीटर उंच झाडांवर चढून शंकू तोडतात, जिवावर उदार होऊन. तेव्हा "खरं म्हणजे निर्मळ" असंही सरळ समीकरण नाही.

मग कमी नुकसान कशात? ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्टने दोन मीटर उंचीच्या झाडाचा हिशेब मांडला आहे. नकली झाडामागे सुमारे 40 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं प्रदूषण. खरं झाड सणानंतर कचरा डेपोत सडलं तर 16 किलो, कारण हवेविना सडताना त्यातून मिथेन निघतो. तेच झाड जाळलं किंवा भुसा करून जमिनीवर पसरलं तर साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे नकली झाडाने दहा-बारा नाताळ काढले, तर ते दरवर्षी नवं खरं झाड आणण्याच्या बरोबरीला येतं. एक-दोन वर्षांत फेकलं, तर ते सर्वांत वाईट.

हा हिशेब ब्रिटनचा आहे. आपल्याकडे फर-स्प्रूसची शेतंच नाहीत. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती घरांत सुरूची फांदी आणून सजवतात. शहरांतल्या नर्सरीत "ख्रिसमस ट्री" म्हणून कुंडीत मिळतं ते अरॉकेरिया, मूळचं प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. नाताळ झाला की पुष्कळ घरांत ते पाण्यावाचून वाळतं.

आता माझ्या विषयाकडे येते, भाषेकडे. "अस्सल" आणि "नक्कल" हे दोन्ही शब्द मराठीत अरबीतून, फारसीच्या वाटेने आले. अरबीत "अस्ल" म्हणजे मूळ, झाडाचं मूळ. "नक़्ल" म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. त्यावरून नमुना उतरवून घेणं, म्हणजे नक्कल. या अर्थाने पाहिलं तर बुंध्यापासून कापून दिवाणखान्यात उभं केलेलं झाड अस्सल कसं? त्याचं मूळ तर शेतातच राहिलं. शब्दाला जागायचं तर अस्सल झाड एकच, ज्याची मुळं मातीत आहेत.

चार दिवसांनी दोघी आल्या तेव्हा मी हे सगळं सांगितलं. नातीने कागदावर आकडे मांडले. बावीस नाताळ. म्हणजे आजोबांच्या झाडाने आपलं कर्ज केव्हाच फेडलंय. तिने आजीकडे पाहिलं आणि विचारलं, "मग अजून किती वर्षं चालेल?"

काकू म्हणाल्या, "फांद्या सरळ केल्यास तर तुझ्या लग्नापर्यंत."

दोघी हसत गेल्या, आणि मी आपल्याच दाराकडे पाहत राहिले. दारावर मिलादुन्नबीची प्लास्टिकची झालर अजून लोंबत होती, अर्धी तुटलेली. गल्लीतल्या बाकीच्या झालरी जुलूसच्या दुसऱ्या दिवशीच गटारात गेल्या होत्या. दरवर्षी नव्या आणतो, दरवर्षी फेकतो. शेजारी गणपतीत शाडू की पीओपी यावर वाद घालतात, दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं वाटतात. डिसेंबर आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "त्यांच्या" झाडाबद्दल मेसेज फिरू लागतात. आपल्या झालरीबद्दल एकही मेसेज मी आजवर वाचलेला नाही.

यंदा मी ती झालर काढली, धुतली, तुटलेल्या ठिकाणी दोऱ्याने शिवली आणि घडी करून पोटमाळ्यावर ठेवली. पुढच्या रबीउल अव्वलला तीच लावेन. बावीस वर्षं गाठायची म्हणजे तिला अजून बराच पल्ला आहे.