तळटीप : ‘डोक्यात पाणी झालं’

* बोलीतला हा शब्दप्रयोग लेखकाचा म्हणून तसाच ठेवला आहे. मात्र हे पाणी बाहेरून आलेलं नसतं. प्रौढ माणसाच्या मेंदूत रोज सुमारे ५०० मिलिलिटर द्रव तयार होतो, पोकळ्यांमधून वाहतो आणि पुढे रक्तात शोषला जातो. तिसऱ्या व चौथ्या पोकळीला जोडणारी वाट जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद. ती बुजली की वरच्या पोकळ्या फुगतात. लेखकाने याचं कारण ‘जन्मजात दोष’ एवढंच दिलं आहे. ते अपुरं आहे. रिचर्ड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हॅमस्टरच्या तान्ह्या पिल्लांना गालगुंडाच्या विषाणूची लागण केली, तेव्हा आतल्या अस्तराच्या पेशी नष्ट झाल्या आणि ही वाट बंद पडली. पोकळ्या फुगेपर्यंत दाह ओसरलेला होता. कारण असं पुसलं गेल्यावर रोग उपजत वाटला तर नवल नाही. माणसांतही गालगुंडानंतर असं घडल्याच्या नोंदी आहेत, पण मोजक्याच. गालगुंड येऊन गेलेल्या मुलाचं डोकं पुढे सतत दुखू लागलं, सकाळी उलट्या होऊ लागल्या, तर डॉक्टरांना तो जुना आजार आवर्जून सांगावा.

— संपादक