सोशल मीडियाचा अतिवापर: सवय कशी ओळखावी आणि कशी सोडवावी

रात्री लवकर झोप लागत नाही, सकाळी उठल्यावर थकवा जाणवतो, मान दुखते, डोळे चुरचुरतात, कामात लक्ष लागत नाही, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेक रुग्णांच्या रक्ताच्या तपासण्या नॉर्मल येतात. मग एक साधा प्रश्न विचारावा लागतो, "झोपण्यापूर्वी मोबाईल किती वेळ पाहता?" उत्तर बहुधा "पाच-दहा मिनिटे" असे असते. फोनमधील नोंद उघडली की तोच आकडा तास-दीड तासाचा निघतो. रुग्ण खोटे बोलत नसतो, वेळ कसा गेला हे त्याला खरोखरच कळलेले नसते.

"उद्यापासून कमी करतो" असा निश्चय बहुतेकांनी अनेकदा केलेला असतो आणि तो मोडलेलाही असतो. याचे कारण मनाचा कमकुवतपणा हे नाही. ही सवय ज्या पद्धतीने लागते ती पाहिली, तर केवळ निश्चय का पुरत नाही आणि त्याऐवजी काय करावे, हे दोन्ही स्पष्ट होते.

अतिवापर म्हणजे नेमके किती?

सर्वांना लागू पडेल असा तासांचा आकडा सांगता येत नाही. दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतो, शिक्षकांना शाळेच्या ग्रुपवरील सूचना पाहाव्या लागतात, परगावी राहणाऱ्या मुलांशी आई रोज व्हिडिओ कॉलवर बोलते. हा गरजेचा वापर आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी तर तो मोठा आधार असतो.

ठरवलेल्यापेक्षा जास्त वेळ जाणे, प्रयत्न करूनही कमी न होणे आणि झोप, काम, अभ्यास किंवा नातेसंबंध यांचे नुकसान होत असूनही वापर सुरूच राहणे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याला अतिवापर म्हणावे.

"हे व्यसन आहे का?" असे नातेवाईक नेहमी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगच्या विकाराला स्वतंत्र स्थान आहे, सोशल मीडियाला मात्र अजून तसे स्थान नाही. म्हणून घरातल्या माणसाला लगेच "व्यसनी" म्हणू नये. त्या शिक्क्यामुळे माणूस लपवाछपवी करू लागतो आणि मदत घेण्याचे टाळतो.

ही सवय का लागते?

प्रत्येक सवयीचे तीन भाग असतात: एखादा इशारा, त्यानंतरची कृती आणि त्यातून मिळणारे समाधान. कंटाळा आला, रांगेत उभे राहावे लागले, मनाला काही लागले किंवा नोटिफिकेशनचा आवाज आला, हा इशारा. हात फोनकडे जातो, ही कृती. एखादा मजेशीर व्हिडिओ, कोणाचा तरी लाईक किंवा नवी बातमी मिळते, हे समाधान.

हे समाधान दर वेळी मिळत नाही आणि कधी मिळेल तेही ठाऊक नसते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले की बक्षीस अनिश्चित अंतराने मिळत असेल तर प्राणी तीच कृती अधिक चिकाटीने करत राहतो. जुगाराची ओढ याच तत्त्वावर चालते. दहा कंटाळवाण्या रील्सनंतर अकरावी आवडते आणि बोट पुन्हा वर सरकते.

त्यात थांबण्याची जागा काढून टाकलेली आहे. वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते, मालिकेचा भाग संपतो. मात्र खाली सरकवत राहिले की नवे काहीतरी येतच राहते, ही रचना २००६ च्या सुमारास पुढे आली आणि आता बहुतेक अ‍ॅपमध्ये आहे. थांबण्याचा इशाराच नसल्यामुळे थांबायचे विसरते. म्हणून सवय सोडवताना थांबण्याची जागा आपल्यालाच तयार करावी लागते.

शरीरावर आणि मनावर होणारे परिणाम

• झोप: पडद्याच्या प्रकाशामुळे झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक कमी तयार होते. त्याहून जास्त त्रास मजकुराचा होतो. वाद, भीतिदायक बातम्या किंवा सलग व्हिडिओ मेंदूला जागे ठेवतात. प्रौढांना रोज किमान ७ तास आणि किशोरवयीन मुलांना ८ ते १० तास झोप लागते.

• रक्तदाब आणि साखर: सतत अपुरी झोप झाल्यास भूक वाढते, रक्तदाब आणि रक्तातील साखर नियंत्रणात ठेवणे अवघड जाते. औषधे वेळेवर घेऊनही आकडे खाली येत नसतील, तर रात्रीच्या झोपेबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा.

• मान आणि हात: प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मान पुढे वाकवून तासन्‌तास बसल्यास मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंवर ताण येतो. सतत स्क्रोल केल्याने अंगठ्याच्या मुळाशीही दुखू शकते.

• डोळे: पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात.

• मन: इतरांच्या सहली, घरे, लग्ने आणि मुलांचे गुण पाहून नकळत तुलना सुरू होते. आधीच उदास किंवा एकाकी असलेल्या व्यक्तीला याचा जास्त त्रास होतो. उलटही घडते: मनातील उदासी टाळण्यासाठी माणूस फोनमध्ये बुडतो. त्यामुळे अतिवापर हे नैराश्याचे कारण आहे की लक्षण, हे नीट तपासावे लागते.

• उपचारांत खंड: रील किंवा फॉरवर्ड पाहून रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा थायरॉईडची गोळी परस्पर बंद करणारे रुग्ण आहेत. हे जिवावर बेतू शकते. असा संदेश आला तर तो डॉक्टरांना दाखवा, तोपर्यंत गोळी सुरूच ठेवा.

स्वतःला तपासा

नॉर्वेमधील बर्गन विद्यापीठातील संशोधकांनी यासाठी सहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आहे. त्यामागील सहा मुद्दे सोप्या भाषेत असे आहेत:

१. फोन हातात नसतानाही सोशल मीडियाचाच विचार मनात असतो का?
२. पूर्वीइतके समाधान मिळण्यासाठी आता जास्त वेळ लागतो का?
३. घरातील किंवा कामातील अडचणी विसरण्यासाठी तुम्ही तिकडे वळता का?
४. वापर कमी करण्याचा प्रयत्न करूनही जमलेला नाही का?
५. इंटरनेट नसेल किंवा फोन बाजूला ठेवावा लागला तर अस्वस्थ वाटते का?
६. त्यामुळे काम, अभ्यास किंवा नात्यांवर वाईट परिणाम झाला आहे का?

गेल्या वर्षभराचा विचार करून चार किंवा अधिक प्रश्नांना "अनेकदा" असे उत्तर आले, तर पुढील उपाय मनावर घ्यावेत. हे निदान नाही, फक्त सावध करणारी खूण आहे.

सवय सोडवण्याचे सहा टप्पे

१. आधी मोजा. एक आठवडा काहीही न बदलता रोजचा वेळ पाहा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम येथे ही नोंद मिळते. कोणते अ‍ॅप, किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे वहीत लिहा. बहुतेकांचा वेळ एक-दोन अ‍ॅपमध्ये आणि दिवसातील ठरावीक वेळांतच जात असतो.

२. गरज आणि सवय वेगळी करा. कामाचे ग्रुप, शाळेचे ग्रुप, घरच्यांचे कॉल ही गरज. रील्स, शॉर्ट्स, स्टेटस चाळणे ही सवय. गरजेच्या गोष्टींना हात लावू नका. सगळे अ‍ॅप एकदम काढून टाकणारे लोक बहुधा चार दिवसांत ती पुन्हा घेतात.

३. पहिला बदल रात्रीचा करा. एकच बदल करायचा असेल तर हा करा. झोपण्यापूर्वी एक तास फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. "गजरासाठी फोन लागतो" ही सर्वांत सामान्य अडचण आहे, त्यासाठी साधे गजराचे घड्याळ आणा. घरात आजारी माणूस असेल किंवा रात्री फोन येण्याची शक्यता असेल, तर रिंग मोठी ठेवून फोन बाहेरच्या खोलीत ठेवा.

४. इशारे बंद करा. फोन आणि जवळच्या माणसांचे संदेश सोडून बाकी सर्व नोटिफिकेशन बंद करा. मोठे ग्रुप म्यूट करा. ते दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी पाहिले तरी बिघडत नाही.

५. वाट अवघड करा. ज्या अ‍ॅपमध्ये जास्त वेळ जातो ते मुख्य पडद्यावरून हटवा, दर वेळी लॉगआउट करा, वेळेची मर्यादा लावा आणि तिचा पासवर्ड घरातील दुसऱ्या व्यक्तीला ठेवायला सांगा. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. गाडी चालवताना तो बॅगेत ठेवा, सिग्नलवरही बाहेर काढू नका.

६. रिकामी जागा भरा. हा टप्पा बहुतेक जण विसरतात. रात्री फोन घेतला जात होता त्या वेळेत काय करणार, हे आधीच ठरवा: जेवणानंतर वीस मिनिटे शतपावली, कॅरम, रेडिओ, पुस्तक, बहिणीला फोन. कंटाळा हा इशारा असेल तर हाताला काम द्या. एकटेपणा हा इशारा असेल तर माणसांची सोबत शोधा. कट्टा, भजनी मंडळ, ग्रंथालय, व्यायामशाळा यांपैकी जे जवळ असेल ते धरा.

पूर्णपणे बंद करावे लागते का?

बहुतेकांना नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४३ विद्यार्थी होते. त्यांतील एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांचा वापर प्रत्येकी रोज दहा मिनिटांवर आणला. नेहमीसारखा वापर करणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्यातील एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. म्हणजे वापर मर्यादित केल्यानेही फायदा होतो.

पहिल्या काही आठवड्यांत काय अपेक्षित आहे?

पहिले काही दिवस बेचैनी, चिडचिड आणि "काहीतरी राहून गेले" असे वाटते. हात आपोआप खिशाकडे जातो. हे स्वाभाविक आहे आणि हळूहळू ओसरते. फोन घेण्याची ओढ आली की दहा मिनिटे थांबा, पाणी प्या, जागेवरून उठा. ओढीची लाट बहुधा तेवढ्यात उतरते.

नवी सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो. लंडनमधील एका अभ्यासात हा काळ सरासरी ६६ दिवस निघाला, मात्र तो व्यक्तीनुसार १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय घडण्यात विशेष फरक पडला नाही. म्हणून एक रात्र घसरलात तर दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा बाहेर ठेवा, इतकेच.

एकट्याने नको, घराने मिळून

घरातील बाकीचे सगळे फोन पाहत असताना एकानेच तो बाजूला ठेवणे फार अवघड असते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर साधा उपाय काढला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे, त्या वेळात अभ्यास, वाचन आणि गप्पा. सगळे एकदमच फोन ठेवतात, त्यामुळे आपण एकटेच काही गमावतो आहोत असे कोणाला वाटत नाही. आपल्या घरातही असा एक ठरलेला तास सुरू करता येईल. नियम मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना सारखा हवा.

मुलांच्या बाबतीत

• दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवू नये. नातेवाईकांशी व्हिडिओ कॉल अधूनमधून चालेल. दोन ते पाच वर्षे वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.
• फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर खात्यासाठी किमान वय १३ वर्षे आहे. खोटे वय टाकून खाते उघडून देऊ नका.
• भरवताना मोबाईल लावून देण्याची सवय असेल तर ती आधी एका जेवणापुरती थांबवा.
• किशोरवयीन मुलाच्या हातातून फोन हिसकावू नका. वेळ आणि नियम त्याच्यासोबत बसून ठरवा, लिहून ठेवा आणि स्वतःही पाळा.
• मूल अचानक फोन लपवू लागले, घाबरलेले किंवा गप्प राहू लागले, तर ऑनलाईन छळ किंवा फसवणूक होत असण्याची शक्यता लक्षात घ्या. आधी रागावू नका, ऐकून घ्या.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

• दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, रडू येणे, कशातच रस नसणे
• फोन बाजूला ठेवूनही झोप न लागणे
• शाळा, कॉलेज किंवा नोकरीवर जाणे बंद होणे
• फोन काढून घेतल्यास मारहाण, तोडफोड किंवा जीव देण्याची भाषा
• ऑनलाईन जुगार किंवा कर्ज यांत पैसे अडकणे

प्रथम तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला. गरज वाटल्यास ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे पाठवतील. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो चोवीस तास सुरू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. जीव देण्याचे विचार बोलून दाखवले गेले, तर "धमकी देतोय" असे समजून सोडून देऊ नका. त्या व्यक्तीला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

आज रात्रीपासून काय कराल?

फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. बाकीचे टप्पे पुढच्या आठवड्यापासून एकेक करून घ्या. दोन आठवड्यांनी झोप, सकाळचा उत्साह आणि चिडचिड यांत काय फरक पडला ते वहीत लिहा. पुढच्या तपासणीला येताना ती वही सोबत आणा, उपचार ठरवताना तिचा उपयोग होतो.