खाटेपाशी थांबणारा वैद्य

भाईंदर स्थानकावर सकाळी चर्चगेट लोकलसाठी जी गर्दी उसळते, तिच्यात क्ष-किरण चित्रांचा मोठा लिफाफा छातीशी धरलेला एखादा तरी माणूस दिसतोच. उत्तन, डोंगरी, मुर्धा, राई अशा गावांतून बसने स्थानक गाठायचे आणि मुंबईतल्या कोणत्या ना कोणत्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरायची, हा प्रवास आमच्या परिसरातील असंख्य कुटुंबांनी केला आहे. त्यांतील कित्येकांच्या तोंडून आम्ही एकच तक्रार ऐकली आहे : "फादर, शेवटी शेवटी डॉक्टर आमच्या माणसाकडे बघतसुद्धा नव्हते."

ही तक्रार पुष्कळ दिवस आम्हांसही रास्त वाटत असे. मग एका संध्याकाळी एका रुग्णास रुग्णाभ्यंग देऊन बाहेर आलो, तेव्हा ओसरीत एक तरुण डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. आम्हांस पाहून ते म्हणाले, "फादर, त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही. मग आत जाऊन त्यांच्या डोळ्यांत कसे बघू?" त्या वाक्याने आम्ही अंतर्मुख झालो. वैद्य मरणाऱ्याच्या खाटेपासून दूर का जातो, या प्रश्नाचा मागोवा इतिहासात घ्यावा असे त्या दिवशी मनात आले.

हे दूर जाणे आजचे नाही. प्राचीन ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रंथाने, रोगाने पूर्णपणे ग्रासलेल्या माणसावर उपचार करण्यास नकार देणे हा वैद्यकाचाच भाग मानला. आपल्याकडे चरकसंहितेनेही साध्य आणि असाध्य असा रोगांचा भेद केला. असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याचे धन, विद्या आणि कीर्ती यांची हानी होते, असा इशारा दिला. यात निर्दयता होती असे नाही. आपल्या विद्येची सीमा ओळखण्याचा तो प्रामाणिकपणा होता. पण त्या सीमेपलीकडे उरलेल्या रुग्णाचे काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

ख्रिस्तसभेने त्या प्रश्नाला सेवेतून उत्तर देण्याचा प्रयत्न केला. चौथ्या शतकात संत बाझील यांनी कैसरियात आजारी व निराधारांसाठी मोठे आश्रयस्थान उभारले. सोळाव्या शतकात रोममध्ये संत कामिल्स यांनी, स्वतःच्या पायाची कधीही न भरणारी जखम वागवीत, रुग्णसेवकांचा संघ स्थापला. जिवावर बेतले तरी रुग्णाची सेवा सोडायची नाही, असे एक चौथे व्रत त्या संघाचे सदस्य घेतात. म्हणजे ज्याला बरे करता येत नाही, त्याच्यापाशी थांबणे हे त्यांच्या लेखी काम संपल्यानंतरचे उरलेसुरले काम नव्हते. तेच मुख्य काम होते.

आपल्या मुंबईनेही असा थांबणारा वैद्य पाहिला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आल्याचे ओळखले ते डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरांनी. त्या वेळी प्लेगवर खात्रीचे औषध नव्हते. हाफकिन यांनी आपली लस स्वतःला टोचून घेतली ती जानेवारी १८९७ मध्ये. धास्तावलेले लोक शहर सोडून जात होते; मुंबईच्या ख्रिस्ती गावठाणांत उभारलेले प्लेगचे क्रूस त्या भयाची आणि प्रार्थनेची साक्ष आजही देतात. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही या समजुतीने ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्लाही केला. हाती औषध नाही आणि भोवती अविश्वास, अशा कोंडीत त्या काळच्या डॉक्टरांनी काम केले.

पुढे विज्ञानाने झेप घेतली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि कर्करोगाशी झुंजण्याचे बळ आपल्या देशात आले. त्या बळाने अगणित माणसे घरी परतली, याबद्दल कृतज्ञ असावे तेवढे थोडेच. मात्र जगभर या यशाची एक सावलीही पडली. रोग जिंकायचाच असतो असे शिकलेल्या डॉक्टराला रुग्णाचा मृत्यू हा आपला पराभव वाटू लागला. १९६५ साली शिकागोत चार धर्मविद्यार्थी डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्याकडे मृत्यूविषयी शिकण्यास आले. मरणासन्न रुग्णांशी बोलू द्यावे म्हणून त्या रुग्णालयात विचारीत फिरल्या, तेव्हा आपल्याकडे असा रुग्णच नाही असे उत्तर त्यांना मिळत गेले. एवढ्या मोठ्या रुग्णालयात मरणारे कोणीच नव्हते काय? होते, त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य कोणापाशी नव्हते.

हे धैर्य शिकविणारी एक स्त्री त्याच सुमारास लंडनमध्ये काम करीत होती. सिसिली साँडर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका होत्या. मरणाऱ्यांची वेदना शमवावयाची तर डॉक्टर व्हावे लागेल म्हणून त्या १९५७ साली डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हे शुश्रूषागृह उघडले. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला पटवून दिले.

तो प्रकाश आपल्याकडे आला १९८६ साली. टाटा मेमोरियलमधील कर्करोग-शल्यविशारद डॉ. लुईस जोझे डिसोझा यांनी वांद्र्याला, मोत माउलीच्या परिसरात, शांती अवेदना सदन स्थापिले. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले शुश्रूषागृह. होली क्रॉस धर्मभगिनींनी तेथील सेवा हाती घेतली. जात-धर्म न पाहता, मोबदला न घेता. अवेदना म्हणजे वेदना नसणे. शस्त्रक्रियेत पारंगत अशा सर्जनाने शस्त्र चालत नाही तेथेही डॉक्टरचे काम असते हे मान्य करावे, ही आमच्या मते त्या घटनेतील सर्वांत मोठी गोष्ट. 'मी याला बरे करू शकतो का?' या प्रश्नाच्या जागी 'मी याचे दुःख हलके करू शकतो का?' हा प्रश्न आला, आणि त्याचे उत्तर बहुधा होकारार्थी असते. ओसरीतल्या त्या तरुण डॉक्टरांना हाच प्रश्न कोणी शिकविला नव्हता.

साधनांचीही अडचण होती. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फीन मिळणे फार दुरापास्त झाले. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट थोडी सोपी केली. रुग्ण वेदनेने तळमळत असताना रिकाम्या हाताने उभे राहणाऱ्या डॉक्टराचे मन शिणले तर नवल काय? या शिणण्याला १९७४ साली फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी नाव दिले, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या वर्गीकरणात त्याची नोंद केली. कोविडच्या दोन वर्षांत तर हे सर्वांनीच डोळ्यांनी पाहिले.

आता थोडे आपल्याविषयी. डॉक्टरांच्या खांद्यावरील ओझ्यात आपणही भर घालतो. "काहीही करा, पण वाचवा," असे आपण सांगतो. "त्यांना आजाराचे नाव कळू देऊ नका," असेही सांगतो. मग डॉक्टर खाटेपाशी बसून बोलणार तरी काय? क्वचित हात उगारण्यापर्यंत मजल जाते. त्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. शिवाय, श्वासयंत्र नको म्हटले तर पाप लागेल, अशी भीती अनेक भाविक कुटुंबांना छळते. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले होते की, असाधारण उपाय स्वीकारण्याचे बंधन रुग्णावर नाही, आणि वेदनाशमन करणे धर्मसंमत आहे. जाणूनबुजून जीव घेणे निराळे आणि अटळ मृत्यूला वाट देणे निराळे. हा भेद ख्रिस्तसभेने २०२० च्या पत्रकातही पुन्हा सांगितला आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली, आपल्या अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली. या गोष्टी घरात वेळीच बोलल्या गेल्या, तर अतिदक्षता विभागाच्या दारात मध्यरात्री एकट्या डॉक्टराला निर्णयाचा भार वाहावा लागणार नाही.

गेथशेमनेच्या बागेत प्रभूने शिष्यांकडे सुटका मागितली नव्हती; आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती केली होती. शिष्य झोपी गेले. आम्ही त्या संध्याकाळी डॉक्टरांना एवढेच म्हणालो, "चला, दोघेही आत जाऊ." ते आले. त्यांनी रुग्णाची उशी सारखी केली, मनगट हाती घेतले आणि नाडी मोजून झाल्यावरही ते सोडले नाही. रुग्ण दोन दिवसांनी प्रभुचरणी विलीन झाला. घरच्यांनी त्या डॉक्टरांविषयी कसलीही तक्रार आमच्यापाशी केली नाही.